सात नंबरची कॅसेट

१५ डिसेंबर १९९६, पिंप्राळा (जळगाव)

उद्यापासून धनुर्मास. म्हणजे आता माघापर्यंत लग्न नाही, हळद नाही, वरात नाही. कॅमेरा कपाटात आणि मी घरात. इंदिरा म्हणते, "त्यापेक्षा कॅमेरा घरात राहू द्या नि तुम्ही कपाटात जा." बारा वर्षं संसार केला की बायको अशी बोलायला लागते.

पण आज एक नवंच काम चालत आलं. धुळ्याचे एक सर आले होते. कॉलेजात शिकवतात, मंडळ वगैरे चालवतात. बरोबर प्रमिलाबाई बैसाणे, आमच्या गावच्या शाळेच्या बाई. आमचं गाव हिंगवाळे. गाव कसलं, नाल्याच्या दोन थड्या. या थडीला बुद्रुक, त्या थडीला खुर्द, आणि दोन्हींची ग्रामपंचायत एक. खुर्दवाल्यांना आता आपली पंचायत वेगळी पाहिजे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत हात वर करून मतं घेणार आहेत. गावात भावाभावांचं बोलणं तुटलंय, हे मला ठाऊक होतं, पण त्याची फिल्म होऊ शकते हे काही डोक्यात आलं नव्हतं.

सरांचं म्हणणं, बाहेरच्यांनी येऊन फिल्म काढायची नाही. गावानंच गावाची काढायची. खुर्दच्या प्रमिलाबाई बुद्रुकात जाऊन प्रश्न विचारणार, बुद्रुकचा छगन गिरणीवाला खुर्दात जाऊन विचारणार. पुढाऱ्यांना नाही, साध्या माणसांना. कॅमेरा माझा, कारण मी जन्मलो खुर्दात आणि वाढलो बुद्रुकात, बहिणीच्या घरी. "तुम्ही दोन्हीकडचे," सर म्हणाले. आतून इंदिरा पुटपुटली, "किंवा कुठलेच नाहीत."

नियम एकच. मतदान होईपर्यंत कुणालाही काहीही दाखवायचं नाही. मी म्हणालो, सर, लग्नघरची माणसं तर पंगत उठायच्या आत कॅसेट बघायला मागतात. सर म्हणाले, हे लग्न नाही. ठीक आहे. त्यांच्या कॅसेटी, त्यांचा नियम.

२१ डिसेंबर, हिंगवाळे बुद्रुक

पहिला दिवस तमाशाच झाला. कॅमेरा दिसला की माणसं घरात पळतात आणि सफारी घालून येतात. एका म्हाताऱ्यानं तर नातवाला फेटा बांधून आणला. प्रमिलाबाई विचारतात, "बाबा, गाव वेगळं व्हावं की एक राहावं?" आणि बाबा कॅमेऱ्याकडे बघून नुसते हसतात, जसे काही आहेर देताना फोटो काढताहेत. छगन खुर्दात प्रश्न विचारतो तो गिरणी चालू असल्यासारखा ओरडून. बायका घाबरून दार लावतात.

मुक्काम अक्काकडे. अक्का म्हणजे द्रौपदाबाई, माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. थोरल्या वनाभाऊनं खुर्दातलं घर धरलं आणि अक्का मला नाला ओलांडून आपल्या घरी घेऊन आली. तिची स्वतःची दोन लहान होती, त्यात मी तिसरा. तिचे मालक देवचंद नाना एका शब्दानं कधी बोलले नाहीत. माझी फी भरली, पहिला कॅमेरा घ्यायला बैल विकला. आता ते पंचायतीचे मेंबर आहेत, आणि "एक गाव" म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे.

अजूनही नाना ताटावर बसले की आधी विचारतात, "तू जेवनी का?" अक्का नेहमी म्हणते, "जेवसू, तुम्ही बठा." चौतीस वर्षं हेच चाललंय. आजही झालं.

२९ डिसेंबर

आज जे मिळालं ते सोनं आहे. सात नंबरची कॅसेट.

नाना मळ्यात गेलेले. अक्का ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. प्रमिलाबाई तिच्या शेजारी बसल्या, त्यांनीही चार शेंगा हातात घेतल्या. मी कॅमेरा दाराच्या चौकटीला टेकवून धरला. बाईंनी हळूच विचारलं, "अक्का, तुम्हाला काय वाटतं?"

अक्कानं मुठीतले दाणे सुपात टाकले. मला वाटलं हसेल आणि सोडून देईल. मग शेंगा सोलता सोलताच बोलायला लागली:

"चौतीस वरीस व्हयनात माले आठे. आठेन दखं ना बाई, मनी मायना घरना धूर दिखास. माय गई तव्हय नालाले पूर व्हता. मी ये थडीले, माय ते थडीले. तिले खांदावर लई जातांना मी आठेन दखं. पूल तीन दाव मंजूर व्हयना, तिन्ही दाव पैसा ये थडीलेच जिरना. बठ्ठा म्हंतस, एक गाव शे. एक गाव शे, तं मी मायना तोंडले पानी काब्र नई लावं? मी खुर्दना बाजूले हात वर करसू."

शेंगा सोलायची थांबली. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. मग पुढे म्हणाली, "पन हाई नानासले सांगू नका हं. त्या मानूस वाईट नईत. त्यासले तरास व्हई."

मी शॉट हलू दिला नाही. बारा वर्षांत पाठवणीचे किती शॉट घेतले, नवरीच्या आईचे किती चेहरे घेतले. असा चेहरा मिळाला नव्हता. आईच्या तोंडाला शेवटचं पाणी लावता आलं नाही, हे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा त्या थडीला होतो. ती या थडीला उभी होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

५ जानेवारी १९९७

गावात वातावरण फाटत चाललंय. बुद्रुकात माझ्याबद्दल कुणीतरी उठवलंय की तोताराम खुर्दचा, तो खुर्दचीच फिल्म काढतोय. खुर्दात म्हणतात, बुद्रुकचं मीठ खाल्लंय, बुद्रुकचीच काढणार. छगनच्या गिरणीवर खुर्दचं दळण यायचं बंद झालं. चावडीवर नानांनी भर माणसांत सांगितलं, "मना घरना बठ्ठा हात एकच बाजूले वर व्हतीन." मी कॅमेऱ्यातून अक्काच्या घराकडे बघितलं. दार लावलेलं होतं.

छगन म्हणतो, "तोताभाऊ, लोकेसले दखाड एकदाव. दखाडाबगर संशय जाव नई." त्यात चूक काय? मी आयुष्यभर हेच केलंय. वरपक्ष आणि वधूपक्ष मानपानावरून तलवारी काढून बसलेले असतात. मग कॅसेट लावतो, पाठवणीचा शॉट येतो, आणि दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, शंभरदा.

१२ जानेवारी, पिंप्राळा

तीन दिवस मिक्सिंग करतोय, म्हणजे शॉट कापणं-जोडणं. बारा मिनिटांचं केलं. खुर्दचे चौघं, बुद्रुकचे चौघं, बरोबर समसमान. शेवटी अक्का. तिच्या मागे सनई घातली, हळू आवाजात.

"नानासले सांगू नका" हे वाक्य कापलं. ते राहिलं तर चुगली केल्यासारखं दिसेल. ते नसलं की नुसतं एका लेकीचं दुःख राहतं, आणि त्यावर कोण रागावणार? नाना तर मुळीच नाही. उलट त्यांना पहिल्यांदाच कळेल की अक्काच्या पोटात काय आहे.

प्रमिलाबाईंना विचारणार होतो, पण त्या ट्रेनिंगला धुळ्याला गेल्यात. सरांना फोन लावला, लागला नाही. मी दुसऱ्यांदा लावला नाही, हेही लिहून ठेवतो.

१५ जानेवारी, बुद्रुक

दाखवलं. मारुतीच्या पारावर टीव्ही ठेवला, दिवेलागणीला. खुर्दचेही आले, नाला ओलांडून, वनाभाऊसकट. कितीतरी दिवसांनी दोन्ही थड्या एका जागी बसल्या. मला तर तिथंच फत्ते झाल्यासारखं वाटलं. अक्का तेवढी नव्हती. नातवाला ताप होता म्हणून घरीच राहिली.

आधीच्या आठ जणांना लोक हसले, ओरडले, शिट्या वाजल्या. अक्का आली आणि सगळे गप्प. इतके गप्प की सनई ऐकू येत होती. संपल्यावर टाळी नाही, काही नाही. इतकं भिडलं. नाना मध्येच उठून गेले. त्यांना रडू आवरलं नसेल. मोठा माणूस आहे, चारचौघांत कसं रडणार?

खुर्दची पोरं जाताना "द्रौपदाअक्कानी जय" म्हणून ओरडत गेली. ते मला थोडं खटकलं.

१९ जानेवारी, पिंप्राळा

प्रमिलाबाई घरी आल्या. बसल्या नाहीत. इंदिरानं पाणी दिलं ते हातातच धरून उभ्या राहिल्या.

"भाऊ, त्या म्हणाल्या होत्या ना, सांगू नका?"

मी म्हणालो, "मी सांगितलं नाही. ते वाक्य मी काढलं बाई."

त्यांनी हातातलं पाणी तसंच खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ते वाक्य काढलंत. बाकीचं ठेवलंत. मी विचारलं म्हणून त्या बोलल्या. माझ्या तोंडाकडे बघून बोलल्या. आता मी त्यांच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?"

जाताना सात नंबरची कॅसेट मागितली. मी दिली नाही. माझं काम आहे, म्हणालो. उगीच ताठलो. त्या गेल्यावर इंदिरा म्हणाली, "बाईमाणसानं विश्वासानं सांगितलेलं मारुतीच्या पारावर लावलंत तुम्ही." मी जेवलो नाही. नाना इतके काही मनाला लावून घेणार नाहीत, असं अजूनही वाटतंय.

२६ जानेवारी, बुद्रुक

झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. मी कॅमेरा घेऊन बाकावर उभा. अक्का बायकांत पुढून तिसऱ्या ओळीत. तिच्या मागे शेवंताबाई आणि लिलाबाई, दोघी खुर्दच्याच लेकी, बुद्रुकात दिलेल्या. सगळं पटांगण अक्काकडे बघत होतं. ग्रामसेवकाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"खुर्द वेगळं व्हावं असं वाटतं त्यांनी हात वर करा."

अक्काचे हात मांडीवर होते. एकात एक गुंतवलेले. ती ते सोडवत होती, पुन्हा गुंतवत होती. नाना तिच्याकडे बघत नव्हते, समोर झेंड्याकडे बघत होते. मोजणी संपली. हात मांडीवरच राहिले.

"एकत्र राहावं असं वाटतं त्यांनी."

अक्कानं हात वर केला. पूर्ण सरळ, शाळेतल्या पोरीसारखा. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. मागे शेवंताबाई आणि लिलाबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचेही हात गेले. मी झूम केलं.

तीन मतांनी गाव एकत्र राहिलं.

बुद्रुकात गुलाल उडाला. मी मनात म्हणालो, मिटलं एकदाचं. अक्कानं घर राखलं, नानांचा शब्द राहिला. वनाभाऊला भेटायला धावत खुर्दात गेलो. तो दारातच उभा होता, आत ये म्हणाला नाही.

"टीव्हीवर एक, गावम्होरे दुसरं. तिनाकडे दखीसन त्या दोन्ही फिरन्यात. तीन मतं व्हतात ना? मोज तूच." मग दार लोटता लोटता म्हणाला, "तिले सांग, आते नाला वलांडू नको."

२ फेब्रुवारी, बुद्रुक

आज गेलो. अक्कानं मला बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "जेवना का?" एवढंच. एक शब्द वावगा नाही. कळण्याची भाकरी, भरीत, मिरचीचा ठेचा. मी खात होतो आणि ती मला वाढत होती. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर घास गिळता आला असता.

नाना आले. सुनेनं त्यांचं ताट केलं. अक्का चुलीपाशीच बसून राहिली. नाना ताटावर बसले आणि जेवायला लागले. विचारलं नाही. मी थांबलो, वाटलं आता विचारतील. भाकरी संपली, हात धुतले, उठले. सून खाली मान घालून उभी होती.

ओट्यावर मी त्यांचे पाय धरले. म्हणालो, नाना, चूक माझी आहे, आणि तिनं हात तर तुमच्याच बाजूनं वर केला. नानांनी पाय सोडवून घेतले, रागानं नाही, थकल्यासारखे.

"हात तिनी आमले दिधा तोता. मन तं तिनी तठे दिधं, बठ्ठासनी दखं. माले नुसता हात लईसन काय करनं शे?" मग म्हणाले, "चौतीस वरीस मी तिले इचारू, तू जेवनी का. तिना मनमा काय शे, हाई इचारानं सुचनं नई माले."

बसमध्ये मी तोंडावर रुमाल धरून बसलो होतो. या बाईनं मला भरवलं, धुतलं, शाळेत घातलं. एका घरात ती परकी झाली, दुसऱ्या घराचं दार बंद झालं, आणि मी सनई लावली होती. सनई.

१० मार्च, पहूर

धुळ्याच्या सरांचं पत्र आलं होतं, फिल्मचं काय. मी कळवून टाकलं, सात नंबर नीट आली नाही. मिक्सिंग मी गेल्या महिन्यातच पुसून टाकलं होतं.

आज पहूरला लग्न होतं. बॅगेत नवी कॅसेट होती. तरी मी सात नंबरचीच घातली. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं तिच्यावर घेतलं. बँडवाले जोरात होते. अक्काच्या चेहऱ्यावरून वरात गेली.

आता ते जगात कुठंच नाही. परत कुणी लावू शकणार नाही, कुणी बघू शकणार नाही. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा पोटभर जेवलो, तेही लोकांच्या पंगतीत. कधीतरी अक्काला सांगीन की पुसून टाकलं. तिचाही जीव हलका होईल.

९ मे, पिंप्राळा

आज आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. लग्नाचे तीन मुहूर्त होते, तिन्ही ऑर्डरी सोडल्या. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, मग ती सोळा वर्षांची असो की साठ. अक्काला न्यायला दर वर्षी वनाभाऊ यायचा. माहेर ते केवढं, नाल्यापलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढं. पण न्यायला माणूस आल्याशिवाय ती कधी गेली नाही. यंदा कुणी आलं नाही. म्हणून मी गेलो.

ती घरात नव्हती. नाल्याच्या काठावर उभी होती. पलीकडे निंबाला झोके बांधले होते, वनाभाऊच्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. अक्काचे ओठ हलत होते. गाणी तिला सगळी पाठ आहेत.

मी म्हणालो, "अक्का, चाल, जळगावले. मनं घर तुनं माहेरच शे."

मला वाटलं नाही म्हणेल. इतक्या वर्षांत एकदाही मुक्कामाला आली नाही, नानांचं कोण करणार म्हणून. आज लगेच म्हणाली, "चाल." लुगडं बदललं, पिशवी भरली. स्टँडपर्यंत पिशवी नानांनी उचलली. दोघं पुढंमागं चालत होते, मध्ये चार पावलांचं अंतर. बस आली तेव्हा नाना मला म्हणाले, "दोन दिन ठेव. मंग धाडी दे." तिला काही म्हणाले नाहीत. पण बस हलेपर्यंत उभे होते.

पारोळा मागे पडल्यावर अक्का बोलली. खिडकीबाहेर बघतच.

"तोता, ते कॅसेटमा मी बोलनू ना, ते माले दखनं शे."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"त्यानाकरताच येस मी तुना संगे. बठ्ठा गावनी दखं, मीच नई दखं. त्या दिन पोऱ्याले ताप व्हता. माले आख्खा जल्ममा कोनी इचारं नई रे, तुले काय वाटस. मायबापनी नई, नानासनी नई, तूबी नई. त्या बाईनी इचारं. आनी मी बोलनू. कशी बोलनू, माले याद बी नई. हात तं खोटा वर गया. तेवढं एक खरं शे मनं, ते एकदाव दखू दे."

एरंडोल आलं, गेलं. मी सांगायला तोंड उघडलं. तिच्याकडे बघितलं, ती हसत होती. जानेवारीनंतर पहिल्यांदा. मी म्हणालो, "दखाडस अक्का."

आता संध्याकाळचे सहा वाजलेत. घरी आल्या आल्या तिनं आंघोळ केली, नवं लुगडं नेसली. इंदिरानं चहा दिला, तो तिनं तसाच ठेवलाय. शेजारच्या बायका आखाजीची पाहुणी बघायला आल्या होत्या, त्यांना तिनं स्वतःच सांगितलं, आते नका, मंग या. बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर सतरंजीवर बसली आहे, डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही हात मांडीवर ठेवून. सात नंबर लिहिलेली कॅसेट मी तिच्यासमोरच कपाटातून काढली आणि वायर शोधतो म्हणून आत आलो. आत येऊन हे लिहितोय.

इंदिरा दारात येऊन उभी राहिली. तिला सगळं ठाऊक आहे. माझ्याकडे बघून परत गेली.

अक्का दुसऱ्यांदा विचारतेय, "लागनं का रे तोता?"

मी म्हणालो, हो, लावतो.